फुली की ठिपका

मुरुमच्या आमच्या शाळेत शिवगंगाबाईंनी सव्वीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. मी त्याच शाळेत मराठीचा शिक्षक. रसायनशास्त्र मला जे काही कळलं ते त्यांच्या फळ्यावरून, तेही त्यांचा तास संपून माझा सुरू व्हायच्या मधल्या दोन मिनिटांत. अमोनियाचा रेणू त्या असा काढायच्या की पुसायला माझा हात धजायचा नाही. मधे नायट्रोजनचा एन, तीन बाजूंना हायड्रोजनचे तीन एच, भोवती नुसत्या हातानं काढलेली गोल गरगरीत वर्तुळं. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन म्हणजे पिवळ्या खडूच्या फुल्या, हायड्रोजनचे म्हणजे पांढरे ठिपके. दोन वर्तुळं जिथं एकमेकांत शिरतात तिथं एक फुली आणि एक ठिपका शेजारी शेजारी. "एकानं एक दिला, दुसऱ्यानं एक दिला, आता ही जोडी दोघांचीबी. ह्याला म्हणायचं सहसंयुज बंध," असं त्या सांगायच्या आणि मागच्या बाकापर्यंत ते चित्र पाठ व्हायचं. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर कविता शिकवून मी कित्येक तास काढलेत.

गावात त्यांचा मान मोठा. नवरा भीमाशंकर यांचं बसस्टँडजवळ ठिबकच्या नळ्यांचं आणि पंपाच्या सामानाचं दुकान. त्या दुकानालासुद्धा लोक "बाईंचं दुकान" म्हणायचे. भीमाशंकर हसून घ्यायचे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये प्रतीक्षा आमच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून आली. ती बाईंचीच विद्यार्थिनी. आमच्याच शाळेतून दहावी झाली, लातूरला शिकली, मग छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. आणि बी.एड. करून परत आली. ती रुजू झाली त्या दिवशी पेढे आणले ते बाईंनी. शिक्षकांच्या खोलीत डबा फिरवत प्रत्येकाला सांगत होत्या, "हिला इलेक्ट्रॉनची पहिली जोडी काढायला म्या शिकवलं. फळ्यापर्यंत हात पुरत नव्हता हिचा."

प्रतीक्षा लाजून म्हणाली, "आताही बाईंसमोर खडू धरायची भीतीच वाटते."

दहावीच्या दोन तुकड्या. 'अ' तुकडी सव्वीस वर्षं बाईंची. त्या वर्षी मुख्याध्यापक हणमंतप्पांनी वेळापत्रक लावलं आणि 'अ' प्रतीक्षाला दिली. कारण साधं होतं. 'अ'चा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि बाईंचे गुडघे दुखत होते. हणमंतप्पांना वाटलं आपण बाईंची सोय केली. बाई वेळापत्रकाच्या कागदाकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि "बरं झालं," एवढंच बोलल्या.

खरं तर तिथूनच सुरू झालं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, म्हणून मी लिहू शकतो.

ऑगस्टमध्ये दोन्ही तुकड्यांत कार्बनी संयुगांचा धडा सुरू झाला. एक दिवस बाईंचा तास मोकळा होता. गुडघे दुखत असतानाही त्या जिना चढून वर गेल्या आणि 'अ'च्या खिडकीबाहेर, भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. आत प्रत्येक बाकावर मूठ-मूठ हरभरे होते. फळा जवळजवळ कोरा. कोपऱ्यात नुसतं अमोनियाचं सूत्र.

"नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात किती?" प्रतीक्षा विचारत होती.

"पाच!"

"तीन हायड्रोजनचे मिळून?"

"तीन!"

"मग किती हरभरे मोजून घ्यायचे? आठ. नवव्याला हात लावायचा नाही. आता बसवा बघू. हायड्रोजनजवळ दोन झाले पाहिजेत, नायट्रोजनभोवती आठ."

वर्गात गलका झाला. कुणाचे नायट्रोजनभोवती सहाच बसले, कुणी हायड्रोजनला चार देऊन बसलं. प्रतीक्षा कुणालाच चूक म्हणाली नाही. "मोज की," एवढंच म्हणत बाकांमधून फिरत राहिली. पाच-सात मिनिटांत बहुतेकांचं जमलं. मग ती म्हणाली, "आता ह्यातला नायट्रोजनचा हरभरा कुठला, हायड्रोजनचा कुठला, सांगता येईल?"

"न्हाय मॅडम!"

"इलेक्ट्रॉनचंही तसंच. सगळे सारखे. म्हणून वहीत सरळ ठिपके काढा. हिशोब चुकू नये म्हणून कुणी फुल्या काढत असेल तर काढू दे. पण बेरीज जुळली पाहिजे."

बाई जिना उतरून खाली आल्या. ते फुल्यांचं वाक्य आपल्याला उद्देशून होतं असं त्यांच्या मनानं घेतलं. प्रतीक्षाला तर बाई खिडकीत आहेत हेही माहीत नव्हतं. पण हेवा एकदा मनात शिरला की त्याला पुरावा लागत नाही.

त्यानंतर बाईंनी केलेल्या गोष्टी बारीक-सारीकच होत्या. प्रयोगशाळेच्या कपाटात रेणूंच्या प्रतिकृतींची पेटी होती, रंगीत गोळे आणि काड्यांची. प्रतीक्षानं किल्ली मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "घरी राहिली वाटतं." किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. दुसऱ्या दिवशीही ती "घरीच राहिली". तिसऱ्या दिवशी प्रतीक्षानं पीठ मळून, रंगवून गोळे केले आणि त्यात खराट्याच्या काड्या खोचल्या. मुलांना तर ते जास्तच आवडले. बाईंची चिडचिड आणखी वाढली.

मग त्यांच्या स्वतःच्या 'ब' तुकडीतल्या वह्या तपासताना त्यांना पाण्याच्या रेणूची एक आकृती दिसली. फुल्या नाहीत, सगळे ठिपके आणि शेजारी समासात बेरीज: सहा अधिक दोन, आठ. पुढच्या वहीत तेच. त्याच्या पुढच्या वहीतही. 'ब'ची मुलं मधल्या सुट्टीत 'अ'मध्ये जाऊन शिकून येत होती.

घरी जेवताना भीमाशंकरांनी त्यात भर घातली. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दुकानात आज चार गिऱ्हाइकं त्या प्रतीक्षा मॅडमचीच गोष्ट काढत होती. पोरगी लई सोपं करून शिकवती म्हणत्यात."

"आणि मी अवघड करून शिकवते?"

"आता हे कुठं म्हणलं म्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे?" असं म्हणून त्या ताटावरून उठल्या. भीमाशंकर मला म्हणाले होते, "तीस वर्षांत ती अशी ताटावरून उठलेली म्या पहिल्यांदा बघितली."

डिसेंबरात प्रतीक्षा दोन दिवस रजेवर होती. 'अ'वर बदली तास बाईंनी मागून घेतला. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपलं बी.एस्सी.चं जुनं पुस्तक काढलं होतं. पोरांनी कधीच न पाहिलेला रेणू त्यांना हवा होता. मिथेन, पाणी, अमोनिया सगळ्यांना पाठ. त्यांनी हायड्रोजन सायनाइड निवडलं. त्यांचं मत असं होतं की हरभऱ्यांचा सगळा खेळ वर्गात टाळ्या घेण्यापुरता आहे. समोर चित्र नसलं की पोरं उघडी पडतील आणि ते आपण बघावं. एवढीच इच्छा घेऊन त्या जिना चढल्या.

फळ्यावर त्यांनी सूत्र लिहिलं. एच, सी, एन. "ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते, तडफडून मरतं, ते ह्याच विषानं. काढा ह्याची ठिपक्यांची संरचना. पुस्तकात शोधू नका, न्हाय त्यात."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. असं त्या मला नंतर म्हणाल्या.

तिसऱ्या बाकावर शिवांजली नावाची मुलगी होती. बेणीतुरा नदीकाठच्या एका वस्तीवरून सायकलनं यायची. नववीत ती बाईंच्या वर्गात होती आणि विज्ञानात कशीबशी पास झालेली. ती हात वर करून म्हणाली, "बाई, आमची गाय ह्यानंच मेली होती. दुष्काळातली ज्वारी खाल्ली होती तिनं."

"बरं. मग काढ की त्याचं चित्र."

शिवांजलीनं वहीत मान घातली. एक, चार, पाच. दहा ठिपके. तिनं आधी हायड्रोजन-कार्बनमध्ये एक जोडी आणि कार्बन-नायट्रोजनमध्ये एक जोडी ठेवली. उरले सहा, ते सगळे नायट्रोजनला देऊन टाकले. मग मोजलं. नायट्रोजनभोवती आठ, पण कार्बनजवळ चारच. खोडलं. नायट्रोजनची एक जोडी मधे सरकवली, कार्बनजवळ सहा झाले. पुन्हा खोडलं. आणखी एक जोडी मधे घेतली. आता दोघांच्या मधे तीन जोड्या, नायट्रोजनच्या पलीकडं एक जोडी सुटी, कार्बनला आठ, नायट्रोजनला आठ, हायड्रोजनला दोन. बाई तिच्या मागं उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. रबराचा चुरा वहीभर पडला होता. वर्तुळं वाकडी होती. पण उत्तर बरोबर होतं.

आणि तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः हा रेणू पुस्तकातून बघून घेतला होता. न बघता त्यांनाही तो काढता आला नसता. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना सुंदर चित्रं दिली होती, पाठ करायला. ह्या पोरीला मात्र चित्राची गरजच पडली नव्हती.

"बरोबर हाय का बाई?" शिवांजलीनं विचारलं.

"वर्तुळं नीट काढ," बाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. आमच्याकडं पद्धत अशी, की आपल्या तुकडीचे पेपर आपण तपासायचे नाहीत. 'अ'चे पेपर बाईंकडं आले, 'ब'चे प्रतीक्षाकडं. विज्ञानाच्या पेपरात ठिपका-संरचनेचे तीन प्रश्न होते. त्या वर्षी धाराशिवला जिल्ह्याचा विज्ञान मेळावा होता आणि सराव परीक्षेत विज्ञानात पहिल्या येणाऱ्या दोघांना आमच्या शाळेतून पाठवायचं ठरलेलं.

निकाल लागला तेव्हा दोन्ही नावं 'ब' तुकडीतली निघाली. शिवांजली पहिल्या नंबरापेक्षा एका गुणानं मागं राहिली.

पेपर वर्गात वाटले गेले आणि दुसऱ्या तासाला 'अ'ची मुलं प्रतीक्षाकडं गोळा झाली. प्रत्येकाच्या पेपरात त्याच तीन प्रश्नांना अर्धा-अर्धा गुण कापलेला. लाल शाईत एकच शेरा: 'दोन अणूंचे इलेक्ट्रॉन वेगळे दाखवले नाहीत.' शेहेचाळीस पेपर, शेहेचाळीस वेळा दीड गुण. 'ब'च्या पेपरांत प्रतीक्षानं फुल्यांनाही पूर्ण गुण दिले होते आणि ठिपक्यांनाही.

शिवांजली आपला पेपर घेऊन थेट बाईंकडं आली. शिक्षकांच्या खोलीत मी होतोच. दारात उभी राहून तिनं विचारलं, "बाई, माझी बेरीज चुकली का?"

"बेरीज बरोबर हाय."

"मग जोडी चुकीच्या जागी बसली?"

"न्हाय."

"मग गुण कशाचे गेले?"

बाई चिडल्या. "बोर्डाचा नियम हाय तसा. एका अणूच्या फुल्या, दुसऱ्याचे ठिपके. जा वर्गात." पोरगी गेली. पण जाताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त काही न समजल्यासारखं होतं. बाईंच्या डोळ्यांपुढून तिचा तो चेहरा मग जाईना.

मधल्या सुट्टीत हणमंतप्पांनी दोघींना बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचा अनुभव मोठा हाय, मी वाद घालत न्हाय. फक्त तो बोर्डाचा नियम मला दाखवा, म्हणजे पालकांना सांगता येईल."

"आणते सोमवारी," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी दुपारी त्यांनी घरातल्या लोखंडी कपाटातली सगळी पुस्तकं, शिक्षक-हस्तपुस्तिका, जुन्या गुणदान-पत्रिका जमिनीवर मांडल्या. असा नियम कुठं नाही हे त्यांना माहीत होतं. तरीही शोधत राहिल्या. वीस वर्षांपूर्वीच्या एका पत्रिकेत उलटंच सापडलं: संरचना बरोबर असल्यास चिन्हं कोणतीही चालतील. भीमाशंकर चहा घेऊन आले आणि त्या पसाऱ्यात बसलेल्या बायकोला बघून म्हणाले, "काय हरवलंय?"

"काही न्हाय."

"मग एवढं उचकून काय शोधायलीस?"

बाईंनी चहाची बशी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. खिडकी, किल्ली, किराळीचं विष, लाल शाई. ते पसाऱ्याशेजारी टेकले. मग म्हणाले, "प्रतीक्षावर राग होता, ते समजतं. पण पोरांचं काय?" एवढं बोलून दुकानात निघून गेले. समजूत घालायला ते थांबले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटत राहिलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. आम्ही सात-आठ जण होतो, हणमंतप्पाही होते. बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"असा नियम न्हाय. मी खोटं बोलले. 'अ' तुकडीचे पेपर परत द्या माझ्याकडं."

हणमंतप्पांनी शिपायाकरवी पेपर मागवून घेतले. त्या दिवशी बाईंनी आपले दोन्ही तास मला दिले आणि सगळ्यांच्या समोर, त्याच टेबलावर बसून, शेहेचाळीस पेपरांतला कापलेला प्रत्येक अर्धा गुण परत दिला. प्रत्येक ठिकाणी लाल शेरा खोडून खाली सही केली. शिपाई येत-जात बघत होता, पोरं दारातून डोकावत होती. दुपारचा डबा त्यांनी उघडला नाही.

नवी यादी लागली. शिवांजली पहिली. 'ब'मधल्या एका मुलाचं नाव कमी झालं आणि त्याची आई शाळेत येऊन बाईंना चार शब्द सुनावून गेली. बाईंनी ते ऐकून घेतले.

मला वाटलं होतं, आता प्रतीक्षा येईल, पाया पडेल, दोघी रडतील आणि मिटेल. तसं झालं नाही. प्रतीक्षा महिनाभर बाईंशी कामापुरतंच बोलली. एकदा फक्त, कपाटाजवळ दोघी समोरासमोर आल्या तेव्हा, ती म्हणाली, "बाई, माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतं. दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. पोरांच्या पेपरावर कशाला काढला?"

"तुला बोलले असते तर हेवा वाटतो हे कबूल करावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "पेपरापुढं कबूल करावं लागत न्हाय." मग त्यांनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. प्रतीक्षानं ती घेतली, पण हसली नाही.

शिवांजली धाराशिवला जाऊन आली. बक्षीस मिळालं नाही, मात्र दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी राहून आल्याचं तिला कौतुक होतं. बोर्डाच्या निकालात 'अ' तुकडी विज्ञानात पुढं होती. त्या दिवशीही बाईंच्या पोटात दुखलं. हे त्या लपवत नाहीत. "म्या 'अ'चा निकाल आधी बघितला," त्या मला म्हणाल्या, "आणि मनात आलं, एखादा तरी नापास पाहिजे होता. मग स्वतःचीच किळस आली."

पुढच्या जूनमध्ये त्यांनी हणमंतप्पांकडं जाऊन दहावीऐवजी नववीचा वर्ग मागितला. आणि एक दिवस शाळा सुटल्यावर प्रतीक्षाला म्हणाल्या, "ओझोनचं मला जमत न्हाय. अठरा होतात, पण मधल्याला बसवताना घोळ होतो. दाखव जरा."

प्रतीक्षानं फळा पुसला. दोघी तासभर तिथं होत्या. बाहेरून जाताना मला एवढंच ऐकू आलं: "बाई, एका बाजूला दोन जोड्या, दुसऱ्या बाजूला एक. मोजा की." आणि बाईंचा थोडा तुटक आवाज, "मोजतेय, मोजतेय. घाई करू नको."

यंदा बाई निवृत्त होतील. परवा मी नववीच्या वर्गावरून चाललो होतो. आत बाकांवर हरभरे होते. फळ्यावर मिथेनचं चित्र होतं, तीच गोल गरगरीत वर्तुळं, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत बेरीज. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझी ताई दहावीत हाय. तिला प्रतीक्षा मॅडमबी असंच शिकवतात."

बाई फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, आणि तो कशामुळं लागला हे मला माहीत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "मी त्यांच्याकडूनच शिकले." आणि त्यांनी पोरांना इथेनसाठी चौदा हरभरे मोजायला सांगितले.